गरुड, घार आणि एक मेलेला मासा

मागच्या गॅदरिंगला ड्रॉइंग हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये जे फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात 'गरुडझेप' नावाचा एक फोटो होता. तांबूस पंख पसरलेले, पांढरं डोकं, पाय पाण्यात, आजूबाजूला उडालेले थेंब. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. फोटो माझा होता. आज दोन गोष्टी कबूल करून टाकतो. एक म्हणजे तो गरुड नव्हता, ब्राह्मणी घार होती. (परीक्षकांना फार दोष देऊ नका, दक्षिणेत तिलाच गरुड मानून हात जोडतात.) आणि दुसरं, ती आपणहून आली नव्हती. तिला मेलेला मासा टाकून बोलावलं होतं.

हे आत्ताच सांगायचं कारण असं, की यंदाच्या ट्रिपची यादी हॉस्टेलच्या बोर्डावर लागलीय. सतरा नावं आलीत आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी मला एकच विचारलंय, "तसा फोटो मिळेल ना?" ट्रिप लीडर या नात्याने माझं उत्तर आहे: नाही. निदान माझ्या बोटीत तरी नाही.

आधी मागच्या वेळी काय झालं ते. जानेवारीचा महिना, भिगवण. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. भीमा नदीवर उजनी धरण झालं आणि त्याचा फुगवटा मागे लांबवर पसरला, त्याच्याच काठावर कुंभारगाव, डिकसळ ही गावं. थंडीत तिथे फ्लेमिंगो येतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण बदकं आणि चिखलपक्षी आले की त्यांच्या मागे शिकारीही येतात. मीनघार येते, दलदलीवरच्या भोवत्या येतात, आणि नशीब असेल तर मोठा ठिपकेवाला गरुड दिसतो. रशियाच्या बाजूच्या दलदलीच्या जंगलांत घरटी करणारा हा पक्षी, जगात आता थोडा उरलाय, म्हणून 'संकटग्रस्त'च्या यादीत आहे.

आम्ही पहाटे साडेसहाला बोटीत. दोन तास झाले, गरुड नाही. थंडीने बोटं वाकडी, आणि उधार आणलेल्या ३०० एमएमच्या लेन्सचं भाडं डोक्यात मीटरसारखं पळतंय. नावाडीदादांनी आमचे चेहरे वाचले आणि विचारलं, "मासं टाकू का?" आम्ही सगळे एका सुरात "टाका!" पाच मिनिटांत डोक्यावर घारींचं वादळ. शटर थांबेना. एकेकाने चारशे-पाचशे फोटो मारले. परत निघाल्यावर दूर एका वठलेल्या झाडावर काळपट काहीतरी बसलेलं दिसलं. ते नीट बघायच्या आत आमच्या बोटीचं इंजिन आणि घारींचा कलकलाट यांना कंटाळून ते उडून गेलं. शेपूट आखूड आणि गोलसर, पंख फळीसारखे रुंद, टोकाला बोटांसारखी पिसं. घारीची शेपूट दुभंगलेली असते, हिची नव्हती. म्हणजे ज्याच्यासाठी गेलो होतो तो आला होता, आणि आम्ही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर घारी बघत बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, एका माशाने काय बिघडतं? गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर लोक सीगलना शेव आणि कुरकुरे टाकतातच की. खरं आहे, एका माशाने एक घार मरत नाही. पण प्रश्न एका माशाचा नसतो. एका बोटीने टाकला की दुसऱ्या बोटीतलं गिऱ्हाईक विचारतं, आमच्यासाठी का नाही? मग न टाकणाऱ्या नावाड्याचा धंदा बसतो. दोष त्याचा नाही, ऑर्डर आपण दिलेली असते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अलास्कात होमर नावाचं गाव आहे. तिथे जीन कीन नावाच्या बाई तीसेक वर्षं हिवाळ्यात गरुडांना मासे घालत. शेकडो गरुड जमायचे, आणि त्यांच्यामागे फोटोग्राफर. शेवटी २००६ मध्ये तिथल्या कौन्सिलने गरुडांना खायला घालण्यावर बंदी आणली. त्या बाईंना तेवढी २०१० पर्यंत सवलत दिली होती, पण २००९ मध्येच त्या गेल्या. जपानमध्ये होक्काइदोच्या राउसूला समुद्रात बर्फ तरंगत येतो तेव्हा बोटीवरून मासे टाकून भल्यामोठ्या समुद्रगरुडांचे फोटो काढून देतात. जगभर गाजलेले 'जंगली' गरुडांचे कितीतरी फोटो अशा ठिकाणचे आहेत. फोटोच्या खाली मात्र मासा कुणी लिहीत नाही. मीही लिहिला नव्हता.

आणि आयतं अन्न नेहमी साधं असतं असंही नाही. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेली जनावरं टाकतात, तिथे थंडीत मध्य आशियातून आलेले स्टेप गरुड गिधाडांबरोबर जेवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिकानेरच्या मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडलं. जनावरांना वेदनाशामक म्हणून देत असत तेच, ज्याने आपली गिधाडं संपवली. गुरांसाठी त्यावर २००६ मध्येच बंदी आली होती.

तर यंदाचा प्लॅन. सुरुवात भिगवणहून नाही, शांती नगरहून. हसू नका. शुक्रवारी रात्री सगळे मीरा रोडला माझ्या घरी. शनिवारी पहाटे भाईंदरकडे, उरलेल्या मिठागरांच्या आणि खारफुटीच्या कडेने. थंडीत भोवत्या तिथे जमिनीला घासून उडतात. दुपारी घोडबंदरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या टोकाशी, तिथे तुरेवाला सर्पगरुड बारा महिने असतो. मी अठरा वर्षं शांती नगरात राहिलो आणि त्याची शीळ पहिल्यांदा ऐकली ती मागच्या दिवाळीत. इतकी वर्षं वर बघितलंच नव्हतं. शिवाय आमच्या गच्चीवरून मासळीबाजारावर फिरणाऱ्या घारी मनसोक्त बघता येतात. घार पाठ झाली की गरुड आपोआप वेगळा दिसायला लागतो. व्हायवाच्या आधी जर्नल वाचावं तसं हे.

मग रविवारी भिगवण. उन्हं चढून जमीन तापल्याशिवाय हे जड पक्षी उंच जात नाहीत, थर्मल लागतं त्यांना (मेकॅनिकलवाल्यांनी बाकीच्यांना समजावून सांगावं). म्हणून पहाटे बसलेला पक्षी शोधायचा, आणि नऊनंतर आकाश. सूर्य पाठीशी. इंजिन लांबच बंद, पुढे बांबूने. ट्रायपॉड बोटीत चालत नाही, मेसमधून दोन किलो तांदूळ मागून कापडी पिशवीत भरायचे आणि लेन्स त्यावर टेकवायची. बसलेला पक्षी मान ताणून आपल्याकडे बघायला लागला की थांबायचं. उठवून उडतानाचा फोटो काढायचा नाही, थंडीत त्याने जपून ठेवलेली ताकद आपल्या अल्बमसाठी नसते. नावाडीदादांना ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे द्यायचे, आणि ते मासा न टाकण्याचे, हे बोटीत चढायच्या आधी त्यांना सांगायचं. मी फोनवर बोललोय. ते आधी हसले, मग म्हणाले, "मग तुम्ही बघायलाच येताय म्हणा की."

फोटोत गरुड मुंगीएवढा येईल. कदाचित येणारही नाही. हे काल बोर्डावर यादीखालीच लिहून टाकलं. आज सकाळी बघितलं तर सहा नावांवर काट मारलेली. रूम पार्टनरचंही त्यात आहे, त्याचा माझ्यावर राग नाही, लेन्सचं भाडं वाचलं म्हणतो.

अकरा उरलेत. आमचं घर वन रूम किचन, त्यामुळे निम्मे गच्चीवर झोपतील, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून झालंय. पांघरूण ज्याने त्याने आणायचं. आईला अकराच जणांच्या पोळ्या सांगितल्यात, बारावा कुणी येणार असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.