मिटता चाकू

गेल्या आषाढांत आमच्या रत्नागिरीच्या घरीं घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांस सांगावासा वाटतो. धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीसाठीं मुंबईस निघाला होता. रात्रपाळीचें काम, उशिराची लोकल, अनोळखी वस्ती. तेव्हां अंगरक्षणार्थ खिशांत असावा म्हणून त्यानें जत्रेंतून एक मिटता चाकू आणिला. त्याचें सामर्थ्य घरच्या मंडळींस दाखवावें म्हणून माजघरांत त्यानें तो एका असोल्या नारळांत खुपसला. पातें सोडणांत रुतलें; तें काढावयास त्यानें मुठीस हिसका दिला, आणि चाकू त्याच्याच बोटांवर मिटला. तीन टाके घालावे लागले. आमच्या मातुःश्री एवढेंच म्हणाल्या, "शत्रु राहिला मुंबईस, आणि रक्त मात्र माजघरांत!"

तो चाकू घेऊन आम्ही ओळखीच्या लोहाराकडे गेलों, आणि झटापटींतहि टिकेल असा मिटता चाकू घडवून देतां येईल काय, असें विचारलें. त्यानें पातें हलवून पाहिलें व तो म्हणाला, "अण्णा, जें मिटतं तें कधींतरी मिटणारच."

या एका वाक्यांत सगळें शास्त्र आहे. मिटत्या चाकूची परीक्षा पात्यावर नव्हे, सांध्यावर होते. पातें १० सेंटिमीटर लांब आणि खटका खिळ्यापासून १ सेंटिमीटरवर असेल, तर टोंकाच्या पाठीवर पडलेला १ किलोचा भार खटक्यास १० किलोंसारखा जाणवतो. म्हणून खिळा जाड हवा, पात्याचें बूड रुंद हवें, आणि खटका त्या बुडांत खोल बसावयास हवा. पोलादास पाणी फार कडक दिलें तर धार टिकते, पण टोंक तुटतें. मऊ ठेविलें तर टोंक वांचतें, पण धार जाते. त्यांत आमची खारी हवा! समुद्राकांठीं पावसाळ्यांत साधें पोलाद पाहतां पाहतां गंजतें, आणि जेथें फडकें पोंचत नाहीं अशा सांध्यांत तो गंज ठाण मांडून बसतो. १९१३ सालीं शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनीं सुमारें १३ टक्के क्रोमियम घालून न गंजणारें पोलाद काढलें. त्यानें पात्याचा प्रश्न बराच सुटला, सांध्याचा सुटला नाहीं. फ्रान्समधील ओपिनेल चाकूचा जन्म १८९० चा. पण उघडें पातें अडवून धरणारें फिरतें कडें त्याला मिळालें तें १९५५ सालीं. बोटें वांचविण्याची ही युक्ति यावयास पासष्ट वर्षें लागलीं!

आमच्या पूर्वजांनीं लढाईच्या शस्त्रांत सांधा ठेविलाच नाहीं. कट्यारीची पकड दोन समांतर दांड्यांमध्यें आडवी असते. त्यामुळें प्रहार मनगटाच्या सरळ रेषेंत जातो आणि हात पात्यावर घसरत नाहीं. पट्ट्याला हात झांकणारा लोखंडी खोबळा असतो. बिचव्याची मूठ कड्यासारखी, बोटें आंत सुरक्षित. शस्त्र लपविण्याची गरज तेव्हांहि होतीच. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानास भेटतांना शिवाजीमहाराजांनीं वाघनख व बिचवा जवळ ठेविला होता, असें परंपरा सांगते. वाघनख पंजाच्या आंत दडतें, पण मिटत नाहीं. आणि त्या दिवशीं अंगांत चिलखत होतें, रानांत सैन्य दबा धरून होतें, खानाच्या स्वभावाची पारख अगोदर झालेली होती. हातांतील शस्त्र हें सिद्धतेचें शेवटचें टोंक होतें, पहिलें नव्हे.

येथें आमचीहि चूक आम्हांस दिसली. ही गोष्ट त्या मुलास लहानपणापासून आम्हींच सांगितली; पण वाघनखाची सांगितली, चिलखताची सांगावयाची राहिली. खिशांत चाकू आहे या भरंवशावर तो ज्या गल्लींत शिरला असता, तेथें रिकाम्या खिशानें तो शिरलाहि नसता. अशा चाकूचें खरें भय हेंच.

तेव्हां आम्हीं त्यास एक साधा, कड्याचा चाकू घेऊन दिला, तो फळें कापण्यासाठीं, असें स्पष्ट सांगून. ज्यांच्या घरीं मिटता चाकू आहे त्यांनीं तो उघडून, बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून, त्याची पाठ लांकडावर हळूच ठोकून पाहावी. खटका सुटला तर तो चाकू मुलांच्या हातीं देऊं नये. पावसाळ्यांत सांध्यांत तेलाचा थेंब सोडीत जावें.

यंदा वैशाखांत आम्हीं मुंबईस आंब्यांची पेटी पाठविली. त्याच चाकूनें सगळ्या खोलीनें हापूस कापून खाल्ला, असें चिरंजीवांनीं कळविलें आहे. रात्रीं उशीर झाला तर तो आतां सोबत्यांची वाट पाहतो व उजेडाच्या रस्त्यानें येतो. बोटांवरचे व्रण अजून दिसतात. ते दिसत राहावेत, असेंच त्याच्या आजीचें म्हणणें आहे.