दिलेल्या दानाचा लिलाव

तुमच्यापैकी कोणी चैत्यभूमीवर जाऊन आला आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या अस्थींना बाजारात काय भाव येईल असे त्याने विचारले, तर देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या एकाही बौद्धवाडीत त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलणार नाही. हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाही. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे सोदबीज ह्या लिलाव कंपनीने भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर पुरलेली रत्ने विक्रीस काढली होती. अपेक्षित किंमत सुमारे १० कोटी हाँगकाँग डॉलर!

ही रत्ने आली कोठून? जानेवारी १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे ह्या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतील स्तूप खणला. आत मोठी दगडी पेटी, तीत कलश, अस्थी आणि सुमारे १८०० रत्ने निघाली. त्यांत मोती, पोवळी आणि शंखही होते. समुद्रापासून इतक्या दूर, नेपाळच्या सीमेजवळ, कोणीतरी ते मुद्दाम नेऊन ठेविले होते. किनाऱ्यावर राहणाऱ्या तुम्हाला त्यातले श्रम वेगळे सांगावयास नकोत. इंग्रज सरकारने अस्थी सयामच्या राजास दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेविली आणि ‘एकासारखी अनेक आहेत’ म्हणून काही भाग पेप्पे ह्यांच्याकडे राहू दिला. तोच भाग त्यांच्या वारसांनी विकावयास काढला.

त्या पेटीतील एका कलशावर ब्राह्मी लेख आहे. बहुतेक पंडितांनी लावलेला त्याचा अर्थ असा की, शाक्य बंधूंनी आपल्या बहिणी, मुले आणि स्त्रिया ह्यांच्यासह हे निधान अर्पण केले. म्हणजे हे कोणा एका राजाचे नव्हे, घराचे दान होते. ते देताना त्या घराने आपला हक्क सोडला. ज्याला अर्पण केले त्याचे परिनिर्वाण झालेले. मग जमीन पेप्पे ह्यांची, खणले पेप्पे ह्यांनी, कागद सरकारचा, हे सर्व मान्य केले तरी मधल्या मध्ये मालकी उत्पन्न झाली कोठून? ज्याला सापडले तो फार तर राखणदार होतो, आणि राखणदाराला विक्रीचा अधिकार नसतो.

काही तरुण म्हणतील, आम्ही बुद्धिवादी. हाडे आणि खडे पुजणे आमच्या धम्मात बसत नाही. बरोबर आहे. त्या रत्नांत काही चमत्कार आहे असे आम्हीही म्हणत नाही. पण आपल्याच वाडवडिलांकडे पहा. धर्मांतरानंतर ज्या घरांनी देव्हाऱ्यातील टाक नदीत किंवा समुद्रात सोडले, त्यांतील कित्येकांना दोन वेळच्या भाताची भ्रांत होती. चांदीचे टाक सोनाराकडे मोडून चार पैसे करता आले असते. ज्यावरची श्रद्धा उडाली त्याचाही त्यांनी भाव केला नाही!

६ डिसेंबरला दादरला पथारी टाकून बुद्धमूर्ती विकणाऱ्या गरिबाला मात्र ह्यात कोणी ओढू नये. तो आपल्या हातच्या मूर्तीचा मोबदला घेतो. दुसऱ्याने अर्पण केलेले तो विकत नाही.

भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिल्यावर तो लिलाव थांबला आणि ३० जुलै २०२५ रोजी रत्ने देशात आली. आम्हाला आनंद झाला. पण तो निर्भेळ नाही. ती परत मिळाली नाहीत, गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतली. मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयास पाच वर्षे उसना मिळेल, असे तेव्हा जाहीर झाले. पुढे काय? सारिपुत्त आणि मोग्गलान ह्यांच्या अस्थी लंडनहून परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. तेथे त्या उसन्या नाहीत.

आपल्या कोकणपट्टीतही असे निधान निघाले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना सोपाऱ्याच्या स्तूपात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि भगवंताच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे मिळाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, लिलावात गेले नाहीत.

उद्या तुमच्या वाडीत पाया किंवा विहीर खणताना तांब्याचे भांडे, नाणी, कोरीव दगड लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने १० रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा कलेक्टरास कळविणे भाग आहे. १०० वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसास परदेशी पाठविता येत नाही. दलाल तहसीलदाराच्या आधी पोचेल आणि रोख पैसे दाखवील. त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. पंचनामा होईल तेव्हा घरातील स्त्रियांच्याही सह्या त्यावर घ्या.