आधी दरी, मग दोर

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला होता. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, पावसाचे पाणी साठविण्याची योजना अशा नेहमीच्या प्रतिकृतींच्या रांगेत अगदी शेवटच्या टेबलावर नववीतील एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तिने संगणकावर एक छोटासा खेळ तयार केला होता. मी दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले, "यात विज्ञान कोठे आहे?" असे विचारले आणि दहापैकी तीन गुण लिहून पुढे निघालो. तिने मागून विचारले, "सर, तुम्ही खेळून नाही का पाहणार?" मला वेळ नव्हता. जेवणाची सुट्टी व्हायची होती आणि चौदा टेबले शिल्लक होती.

ते तीन गुण चुकीचे होते असे आज माझे मत आहे. ते का बदलले, हे विद्यार्थ्यांना आणि विशेषतः माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

तिचा खेळ ज्या जातीचा होता तिला 'पॉइंट-अँड-क्लिक' साहसखेळ म्हणतात. यात धावाधाव नसते, गोळीबार नसतो. पडद्यावर एका जागेचे चित्र असते. त्यातील वस्तूंवर माउसने बोट ठेवायचे, काही उचलायच्या, एकीचा दुसरीवर उपयोग करून पाहायचा आणि अडचणीतून वाट काढायची. या खेळांचा मूळपुरुष अमेरिकेतील एका गुहेत सापडतो. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ गुहा-संशोधनाचा छंद जोपासणारा होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेच्या अनुभवावरून 1970 च्या दशकाच्या मध्यास त्याने आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. 1977 मध्ये डॉन वुड्स याने तो वाढविला. त्यात चित्र मुळीच नव्हते. 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशा आज्ञा टंकाव्या लागत. पुढे 1987 मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या 'मॅनिअॅक मॅन्शन' या खेळाने ही टंकण्याची कटकट काढून टाकली. 'उघड', 'उचल', 'दे' अशी क्रियापदे पडद्यावरच मांडून ठेवली. क्रियापद निवडा, वस्तू दाखवा, झाले.

आता गेम जॅम म्हणजे काय? पावाला लावायच्या जॅमशी याचा संबंध नाही. पूर्वतयारीशिवाय वादक एकत्र जमून वाजवू लागतात त्याला इंग्रजीत जॅम म्हणतात; त्यावरून हे नाव आले. ठरावीक मुदतीत, बहुधा एका शनिवार-रविवारात, ऐन वेळी जाहीर झालेल्या विषयावर पूर्ण खेळ तयार करायचा. 'लुडुम डेअर' ही अशी स्पर्धा 2002 मध्ये सुरू झाली. पुढे तिच्या मुख्य स्पर्धेचा नियम 48 तास आणि एकट्याचे काम असा रूढ झाला. 'ग्लोबल गेम जॅम' 2009 पासून भरू लागला. पहिल्याच वर्षी 23 देशांत 53 ठिकाणी मंडळी जमली होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नववीतील दोन मुली आणि एक मुलगा यांना घेऊन घरीच असा एक जॅम केला. खरे सांगायचे तर त्या तीन गुणांची बोच हेच त्याचे कारण होते. रात्र जागविण्याच्या मी विरुद्ध आहे. जागरणाने बुद्धी तल्लख होते असे कोठेही सिद्ध झालेले नाही. म्हणून रोज आठ तास याप्रमाणे दोन दिवस, एकूण सोळा तास अशी मुदत ठेवली. साधन होते स्क्रॅच, म्हणजे अमेरिकेतील एमआयटीने 2007 मध्ये खुली केलेली, ठोकळे जोडून आज्ञावली लिहिण्याची मोफत सोय. चिठ्ठी टाकून विषय काढला: 'कुलूप'.

पहिल्या तासात मुलांनी नऊ खोल्यांचा वाडा, वीस वस्तू आणि एक भूत इतका संसार कागदावर मांडला. मी त्यांना एवढेच विचारले, की प्रत्येक वस्तूबाबत खेळाने निदान एक गोष्ट लक्षात ठेवायची: ती उचलली की नाही? एका वस्तूच्या दोन अवस्था, दोन वस्तूंच्या चार, तीनच्या आठ. मग वीस वस्तूंच्या किती? मुलाने वहीत गुणाकार करीत नेला आणि 10,48,576 पाशी थांबला. यांतील सर्व अवस्था प्रत्यक्षात येत नाहीत, कारण खोली उघडल्याशिवाय आतली वस्तू मिळत नाही. पण कोणती येते आणि कोणती येत नाही, हे शोधून काढणे करणाऱ्याच्याच माथी असते. भूत तत्काळ रद्द झाले. शेवटी तीन खोल्या, पाच वस्तू आणि क्लिक करण्याजोग्या चौदा जागा राहिल्या. पाच वस्तू चौदा जागी वापरून पाहता येतात, म्हणजे सत्तर उत्तरे लिहिणे आले. प्रत्येक ठिकाणी 'असे करता येत नाही' एवढेच छापले तर खेळणारा कंटाळतो. दुपारचा सारा वेळ या उत्तरांत गेला आणि त्यातली काही फार मजेदार झाली.

खेळ असा: शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही चुकून कोंडले गेला आहात. दाराची चावी एका उंच, अरुंद काचेच्या मोजपात्राच्या तळाशी पडली आहे. आत हात जात नाही. चावी पितळेची आहे, त्यामुळे चुंबक तिला ओढत नाही. पण ती ज्या रिंगेत अडकविली आहे ती रिंग लोखंडी आणि गंजलेली आहे. गंज दिसला म्हणजे लोखंड आहे, लोखंड आहे म्हणजे चुंबक चालेल. चुंबकाला दोरा बांधून आत सोडायचा आणि चावी वर काढायची. ही युक्ती माझी, आणि मी तिच्यावर खूष होतो.

रविवारी दुपारी शेजारची सहावीतील मुलगी खेळायला बोलावली. जॅममधला हाच खरा कसोटीचा भाग. करणाऱ्यांनी मागे उभे राहायचे, काय घडते ते वहीत टिपायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. मी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा तोंड उघडले आणि तिन्ही वेळा मुलांनी मला गप्प केले.

त्या मुलीने मोजपात्रावर क्लिक केले. पुन्हा केले. मग पुन्हा, पुन्हा. अखेर वैतागून ती म्हणाली, "हे उपडं का होत नाही?"

आम्ही चौघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. मोजपात्र उपडे केले की चावी खाली पडेल! वीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सुचले नव्हते. कारण उघड आहे. मला उत्तर आधी सुचले होते आणि प्रश्न मी त्या उत्तराभोवती नंतर बेतला होता. मोजपात्र रद्द झाले. चावी मोरीच्या लोखंडी जाळीखाली गेली. तेव्हा मुलगा म्हणाला, "पण सर, चुंबक आधी जाळीलाच चिकटेल ना?" तेही खरेच. जाळी प्लॅस्टिकची झाली.

दुसरी चूक अधिक शिकविणारी होती. मुलीने चुंबक चावीवर वापरला. उत्तर आले, 'पितळेला चुंबक चिकटत नाही.' तिने ते योग्य प्रकारे समजून घेतले आणि चुंबकाचा विचारच सोडून दिला. रिंगेचा गंज तिला दिसलाच नव्हता. दिसणार कसा? स्क्रॅचचा पडदा 480 बाय 360 बिंदूंचा. त्यात आमची रिंग चार बिंदूंची. आमच्या मनातला गंज पडद्यावर पोहोचलाच नव्हता. मग चावीवर नुसते क्लिक केले की 'पितळेची चावी, गंजक्या रिंगेत अडकवलेली' असे वाक्य यावे, अशी सोय केली. एका विशेषणाने कोडे सुटण्याजोगे झाले.

आमची तिसरी चूक रॉन गिल्बर्टने फार पूर्वीच सांगून ठेवली आहे. 1989 मध्ये त्याने साहसखेळांच्या दोषांवर एक लेख लिहिला. त्यातील एक मुद्दा असा, की अडचण आधी दिसावी आणि साधन नंतर सापडावे. वाटेत दरी आडवी आली की खेळणारा दोर शोधू लागतो. उलट दोरच आधी सापडला तर तो तसाच झोळीत पडतो; दरी येईल तेव्हा विचार करण्याजोगे काही उरतच नाही. आमच्या खेळात चुंबक पहिल्याच टेबलावर पडलेला होता. शेजारच्या मुलीने दार पाहण्यापूर्वीच तो उचलला होता आणि दिसेल त्या वस्तूला लावीत सुटली होती. शेवटच्या दोन तासांत चुंबक भांडारखोलीत हलविला.

शिक्षकमित्रांनो, हा मुद्दा वाचून मला माझे तास आठवले. ओहमचा नियम मी फळ्यावर लिहितो. सूत्र, एकके, आलेख, मग तीन उदाहरणे. दोर, दोर, आणखी दोर. दरी दाखवायची ती परीक्षेत! एखादा बल्ब लांब तारेवर मंद का जळतो, हा प्रश्न आधी पुढे ठेवला असता तर रोध ही कल्पना मुलांनीच हातातून ओढून घेतली असती. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई मलाही असते, तेव्हा दरवेळी हे साधेल असे मी म्हणणार नाही. पण निदान दहा धड्यांपैकी दोन धडे तरी असे उलटे करून पाहावेत.

केवळ करणाऱ्यालाच ठाऊक असलेल्या उत्तराचा प्रसिद्ध नमुना म्हणजे 1999 मधील 'गॅब्रिएल नाइट 3' हा खेळ. त्यात नायकाला एका परिचिताच्या नावाने मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर मिळवायचे, ते पाकातून ओठांवर चिकटवून मिशी करायची. गंमत म्हणजे ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रालाही मिशी काढायची! या कोड्याची जगभर टिंगल झाली. मीही हसलो, आणि मग एक जुनी प्रश्नपत्रिका आठवून हसू थांबले. 'एका गोलीय आरशाचे नाभीय अंतर 15 सेंमी आहे' असा प्रश्न मी काढला होता. आरसा अंतर्वक्र की बहिर्वक्र, हे लिहायचेच राहून गेले. माझ्या मनात तो अंतर्वक्र होता. ज्यांनी बहिर्वक्र धरून बिनचूक गणित सोडविले त्यांना मी शून्य दिले. एका विद्यार्थ्याने धीर करून विचारले तेव्हा कोठे ते गुण बदलले. त्याने विचारले नसते तर? माझी मांजराची मिशी कोणाला दिसलीही नसती, कारण उत्तरपत्रिका लिहिताना मुलाच्या मागे वही घेऊन कोणी उभे राहत नाही.

खेळ करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, मुले आधीच पडद्याला चिकटलेली असतात, असा आक्षेप मला अनेकांनी घेतला. मुले पडद्याला चिकटतात हे खरे आहे आणि त्याची मला काळजीही वाटते. पण त्या सोळा तासांपैकी निम्मा वेळ मुले कागदावर होती, आणि खेळ करून पाहिलेले मूल दुसऱ्याच्या खेळाकडे पूर्वीच्या भाबडेपणाने पाहत नाही. आपल्याला खिळवून ठेवण्यासाठी येथे काय पेरले आहे, हे त्याला दिसू लागते. उरला प्रश्न 'विज्ञान कोठे आहे?' हा. खेळणारा असे करील असे अनुमान बांधायचे, त्याला हात न लावता निरीक्षण करायचे, अनुमान चुकले की खेळ बदलायचा, खेळणाऱ्याला दोष द्यायचा नाही. पवनचक्कीच्या तयार प्रतिकृतीत यातले कितीसे असते?

म्हणून प्रदर्शने भरविणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. संगणकीय खेळांना वेगळा विभाग द्यावा आणि त्यात एकच अट घालावी: खेळ दहा मिनिटांत संपणारा असावा आणि परीक्षकाने तो शेवटपर्यंत खेळावा. करणाऱ्याने दोन पावले मागे उभे राहावे. खेळासोबत त्याची निरीक्षणाची वहीही मांडावी; कोण खेळले, कोठे अडले, त्यावरून काय बदलले. गुणांपैकी निम्मे त्या वहीला असावेत. चित्रे वेडीवाकडी असली तरी चालतील.

आमचा खेळ रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुरा झाला. मुदतीपेक्षा दहा मिनिटे उशीर झाला, तो आम्ही आपापसांत माफ केला. शेजारच्या मुलीला उत्तर ठाऊक झाले होते, म्हणून तिच्या चुलतभावाला बसविले. तो मोरीपाशी बराच वेळ घुटमळला, चावीवर क्लिक करून ते वाक्य त्याने मोठ्याने वाचले, "गंजक्या" या शब्दापाशी थांबला आणि काही न बोलता भांडारखोलीकडे वळला. मागे उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते.

त्या प्रदर्शनातील मुलीच्या खेळात कोणते कुलूप होते आणि कोणती चावी, हे मात्र मला आजही माहीत नाही.