बुडालं ते तेवढंच?

सरदार सरोवरामुळे आमच्या धडगाव-अक्कलकुव्यातली ३३ गावं बुडिताखाली आली. हीच नर्मदा पुढे भरूचजवळ समुद्राला मिळते. तिथल्या खाजणांचं काय? खारफुटी, खेकडे, पाणपक्षी जगतात ते नदीच्या गोड्या पाण्यावर आणि गाळावर. दोन्ही धरणाने अडवलं. २०१७ मध्ये दरवाजेही बंद झाले. अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरणारा पाला मासा घटला, तो विकणाऱ्या बायांची कमाई गेली. पण घर बुडालं नाही, म्हणून त्या 'प्रकल्पग्रस्त' नाहीत!

मणिबेलीच्या बाईने जंगल गमावलं, खाडीवरच्या बाईने मासा. नदी एकच, धरण एकच. मग मैत्रिणींनो, खाडीसाठी पुरेसं पाणी सोडा, ही मागणी आपलीही नाही का?