गोळी आणि पुडी

भगिनींनो,

पिंपळगाव राजाहून एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे तिने बजावले आहे. ती लिहिते : “मला दोन लेकरं. धाकटा अडीच वर्षांचा. तिसरं नको असं आम्हा दोघांचं ठरलं, म्हणून आशाताईंकडून माला-एनचं पाकीट घेते. महिन्याभरापासून अंगावरून पांढरं जातं. सासूबाईंनी बाजारातल्या वैदूकडून पुडी आणली, रोज दुधातून घे म्हणाल्या. पुडीनं गोळीचा गुण जाईल का? आणि नाही घेतली तर त्यांचं मन मोडेल. काय करू?”

असा प्रश्न पुष्कळ घरांत असतो. विचारला मात्र जात नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

फवारणीच्या वेळी घरातील कारभारी दोन औषधे एका पंपात टाकण्यापूर्वी दहा जणांना विचारतात. एकाने दुसऱ्याचा गुण मारला तर पैसा जातो आणि पीकही. पोटात मात्र आपण गोळी, काढा, पुडी, चूर्ण खुशाल एकत्र करतो. “झाडपाल्याचे औषध, ते काय अपाय करणार?” असे म्हणतो. पण ज्या झाडपाल्यात गुण आहे त्याचा शरीरावर परिणाम होणारच. परिणाम होतो म्हणजे तो दुसऱ्या औषधावरही होऊ शकतो.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांसारखी, म्हणजे हार्मोनसारखी, दोन औषधे असतात. उरलेल्या ७ लोहाच्या. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची ती अशासाठी, की या औषधांचे रक्तातील प्रमाण खाली जाऊ नये. आपले यकृत, म्हणजे लिव्हर, ही औषधे रोज थोडीथोडी मोडून बाहेर टाकत असते. आता असे समजा, की कापसाच्या वेचणीला दहा बाया आहेत. शेत हळूहळू रिकामे होते. त्याच शेतात तीस बाया लावल्या तर? काही औषधे यकृतात अशाच जादा बाया लावतात. मग कालची गोळी आजच्या गोळीपूर्वीच साफ होते आणि राखण उघडी पडते.

यातले सर्वांत बलवान औषध झाडपाल्याचे नाही. ते आहे क्षयाचे, म्हणजे टीबीचे, रिफाम्पिसिन. ते घेणाऱ्याची लघवी नारिंगी होते, ही त्याची खूण. हे औषध सुरू असताना गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची पाळी बिघडते आणि काहींना दिवसही जातात, हे जर्मनीतील डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे.

मला एक बाई आठवते. तिला क्षयाचे औषध सुरू होते आणि गोळीही नेमाने चालू होती. तरी दिवस गेले. दवाखान्यात तिलाच बोल लावला, “गोळी चुकवली असशील.” घरी नवराही तेच म्हणाला. तिने पाकिटे आणून दाखवली, एकही गोळी राहिली नव्हती. तरी कुणाचा विश्वास बसेना. क्षयाचे औषध देताना तिला कुणी विचारले नव्हते, की बाई, पाळणा लांबवायला तू काय घेतेस? आणि ते सांगायचे असते हे तिला ठाऊक नव्हते. चूक तिची नव्हती. पुढे क्षयाचा कोर्स तिने पुरा केला आणि बाळही सुखरूप झाले. पण तो आळ तिच्या मनातून गेला नाही.

तेव्हा घरात कुणा लेकीसुनेला क्षयाचे औषध सुरू असेल तर माला-एन वा माला-डीवर भिस्त ठेवू नका. कोर्स संपल्यावरही चार आठवडे सांभाळा. क्षयाचे औषध मात्र एक दिवसही बंद करायचे नाही. बदलायचे ते पाळणा लांबवण्याचे साधन. निरोध आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. गर्भाशयाला क्षय नसेल तर तांबीही चालते. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी क्षयाच्या रुग्णाला देत नाहीत, म्हणून ती शेजारणीकडून मागून घेऊ नका. फिट्सची काही औषधेही, जसे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, गोळीचा जोर अशाच रीतीने कमी करतात. तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

आता झाडपाल्याकडे वळू. यकृतात जादा बाया लावणारी एक वनस्पती जगाला चांगली माहीत आहे. सेंट जॉन्स वॉर्ट तिचे नाव. युरोपात उगवणारी, पिवळ्या फुलांची. मन उदास असेल तर तिकडे तिच्या गोळ्या आणि चहा घेतात. ब्रिटनमध्ये २००० साली डॉक्टरांना तिच्याबद्दल सावध केले गेले. २०१४ साली पुन्हा इशारा आला, कारण दंडात संप्रेरकाची कांडी बसवलेल्या दोन स्त्रियांना ही वनस्पती घेत असताना दिवस गेले होते. ती आपल्या बांधावर उगवत नाही. पण हल्ली मोबाइलवरून काहीही घरपोच येते, आणि परदेशातील नातेवाईक औषधाच्या बाटल्या पाठवतात. बाटलीवर हे नाव दिसले तर गोळी घेणाऱ्या बाईने ती बाजूला ठेवावी.

आपल्याकडील औषधांचे काय? शतावरी, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांनी गोळी निकामी होते असे सिद्ध झालेले नाही. पण दोन्ही एकत्र देऊन नीट पारखही झालेली नाही. म्हणून घाबरू नका आणि बेफिकीरही राहू नका. वैद्यांना आपली गोळी सांगा. ज्येष्ठमध बरेच दिवस खाल्ल्यास रक्तदाब वाढतो, आणि गोळीनेही काहींचा वाढतो. दोन्ही चालू असतील तर रक्तदाब मोजून घ्या. इसबगोल आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवा. जुलाबाचा काढा किंवा एरंडेल घेऊन फार जुलाब झाले, किंवा गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर गोळी अंगी लागत नाही. उलटी झाल्यास दुसरी घ्यावी. भाजी-वरणातील हळद, मेथी, ओवा, आले यांची धास्ती नको.

आणखी एक. “गोळीपेक्षा जास्वंदीची फुले खा, पपईचे बी खा, दिवस जात नाहीत,” असे सांगणारे भेटतात. १९७० च्या दशकात आपल्या देशातील संशोधकांनी जास्वंदीच्या अर्काचे प्रयोग केले, पण ते मुख्यतः उंदरांवर. त्यावर बाईने आपले पोट सोपवू नये.

पिंपळगावच्या बहिणी, आता तुझे उत्तर. पुडीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेले नाही. जे ठाऊक नाही ते गोळीला मारील की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून पुडी घेऊ नकोस. आठ-दहा दिवस घेऊन झाली असेल तर गोळी तशीच चालू ठेव, निरोध वापर, आणि किती दिवस वापरायचा ते दवाखान्यात विचार. पाळी चुकली तर लगेच तपासणी करून घे. पांढरे थोडे जाणे हा प्रत्येक वेळी रोग नसतो. पण घाण वास, खाज किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर तपासून औषध घ्यावे लागते, आणि नवऱ्यालाही घ्यावे लागू शकते. दवाखान्यात जाताना सासूबाईंना बरोबर ने आणि पुडीही ने. “आत्या, तुम्ही माझ्या काळजीनं आणली, आपण डॉक्टरांना दाखवून घेऊ,” असे म्हण. त्यांचा मानही राहील आणि तुझे शरीरही.

सर्वांनीच एक सवय लावून घ्यावी. डॉक्टर असो, वैद्य असो, की औषधाचा दुकानदार, कुणाकडूनही नवे औषध घेताना आधी सांगावे, “मी पाळणा लांबवायची गोळी घेते.” लाजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. शंभर वर्षे उलटली, तरी आपण हे वाक्य पदराआड बोलतो. आणि दादांनो, तुम्हीही हे वाचत असालच. गोळी घेऊनही दिवस गेले तर घरच्या लक्ष्मीवर आळ घेण्याआधी एवढे विचारा, की मध्यंतरी आणखी कोणते औषध चालू होते?

बहिणीने नाव झाकून का होईना, पण विचारले. तिच्यामुळे आज चार घरांत हा विषय निघेल. तुमच्याही मनात असे काही असेल तर लिहा.

कळावे.

तुमची,
ताई