देव कोणता आणि पुरावा कुणी द्यायचा?

नास्तिक माणूस भेटला की त्याला एकच सवाल टाकला जातो, ‘देव नाही हे सिद्ध करून दाखव!’ हा सवालच उलटा आहे. जो ‘आहे’ म्हणतो त्यानेच पुरावा द्यायचा असतो. कोर्टात दावा लावणाऱ्याला हाच नियम आहे आणि प्रयोगशाळेतही हाच आहे.

बरे, नाही म्हणायचे तरी कोणत्या देवाला? ख्रिस्ती धर्म पिता, पुत्र व पवित्र आत्मा मानतो. इस्लामला हे त्रैक्य साफ नामंजूर आहे. वेदान्ती निर्गुण ब्रह्म सांगतात, तर भक्त सगुण मूर्तीपुढे हात जोडतात. जैनांनी जगाचा कर्ता मानला नाही, जुन्या सांख्यांनी मानला नाही आणि यज्ञ डोक्यावर घेणाऱ्या मीमांसकांनीही मानला नाही! एकाच घटनेची इतकी परस्परविरोधी साक्ष कोणत्या न्यायाधीशाने खरी धरावी?

तथागतांनी हाच प्रश्न वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना विचारला होता. तुमच्या आचार्यांपैकी ब्रह्मा कुणी पाहिला आहे काय? उत्तर आले, नाही. मग वाडा कुठे आहे हे ठाऊक नसताना चव्हाट्यावर जिना बांधणाऱ्याला काय म्हणावे? बाबासाहेबांनी हा संवाद ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मुद्दाम घेतला आहे.

देवाच्या नावाने जो दावा तपासता येतो तो तपासल्यावर काय उरते, तेही पाहा. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते पृष्ठताणामुळे मूर्तीवरून खाली ओघळताना दिसले. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होणार की नाही हे माहीत नसलेल्यांत, ती झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले!

कुणी म्हणेल, श्रद्धा ठेवली तर बिघडते कुठे? याचे उत्तर महाडला मिळते. २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले. आपल्या ओंजळीने पाण्यात काय बदलले होते? जगातली कोणतीही प्रयोगशाळा तो विटाळ दाखवू शकली नसती. पुरावा नसलेली श्रद्धा माणसाला पाण्यावाचून ठेवते, ती अशी. हा हक्क मिळवायला कोणताही देव धावून आला नाही. सत्याग्रह करावा लागला, कोर्टात लढावे लागले, तेव्हा कुठे १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

मात्र नुसते देव नाकारून भागत नाही. देव न मानणारा, पण मुलीचे लग्न ठरवताना जात पाहणारा नास्तिक समाजाच्या काय कामाचा? म्हणूनच बाबासाहेबांनी देवाची जागा रिकामी सोडली नाही, तिथे नीतीला बसविले. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा धम्माचा मूळ प्रश्न आहे.

आणि आज आपल्या घरांत काय चालले आहे? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि मनगटात गंडा! विहारात जाऊन बुद्धाला नवस बोलणारे बांधवही आहेत. ज्याने स्वतःला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले, त्यालाच देव करून बसवायचे, हा २२ प्रतिज्ञांचा सरळ भंग आहे. संविधानाच्या कलम ५१ अ ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. दुसऱ्यांच्या देवाची झडती जरूर घ्यावी, पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या मनगटातला गंडा सोडवावा.