पुरे म्हणायला शिकू या

दर रविवारी आपण उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणतो. तिच्यात भाकर मागितली आहे ती आजची. घरी येऊन जेवायला बसलो की बोलणं सुरू होतं ते दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यांचं, धाकट्याच्या लग्नासाठी कुठला हॉल घ्यायचा याचं, शेजारच्यांनी घेतलेल्या गाडीचं. ती प्रार्थना आपण मनापासून म्हणतो, यात मला शंका नाही. ती जेवणाच्या ताटापर्यंतही यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

समाधानाचा विषय निघाला की प्रवचनात फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय येतोच. ते पत्र पौलाने कैदेतून लिहिलं. त्या काळी कैद्याच्या खाण्यापिण्याची काळजी बरीचशी बाहेरच्या माणसांनाच घ्यावी लागे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, आणि तो तिकडे जिवावर बेतेपर्यंत आजारी पडला. पौल त्या मदतीबद्दल आनंद मानतो, आणि त्याच ओघात सांगतो की असेल त्यात राहायला आपण शिकलो आहोत, मग पोटभर असो की उपास. तंबू शिवून पोट भरणारा, फटके खाल्लेला, जहाज फुटून समुद्रात सापडलेला हा माणूस. त्यालाही हे शिकावं लागलं. तेव्हा तुम्हाला ते एका रविवारात जमलं नाही म्हणून खचू नका.

पुढच्याच वाक्यात तो ख्रिस्ताकडून मिळणाऱ्या बळाविषयी बोलतो. ते वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. परीक्षेला निघालेल्या मुलाला, मुलाखतीला निघालेल्या मुलीला ऐकवतो. पण पौल तिथे जिंकण्याविषयी बोलत नाही. हाताशी काही नसतानाही टिकून राहण्याचं, आणि भरपूर असताना वाहवत न जाण्याचं ते बळ आहे. दात-ओठ खाऊन हाव मरत नाही. देव मला सोडणार नाही हे ज्याच्या मनात मुरलं, त्याची मूठ आपोआप सैल होते.

बचत करू नका, असं मी म्हणत नाही. मुलांची फी, म्हातारपणची औषधं यांसाठी बाजूला काढणं शहाणपणाचंच आहे. रानात इस्राएल लोकांनी उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, आणि तो मान्ना नासला नाही. म्हणून एखादी मोठी खरेदी मनात आली की नवरा-बायकोने ती मिळून प्रार्थनेत ठेवा आणि पुढचा रविवार येऊ द्या. भीतीपोटी किंवा बरोबरीपोटी घ्यावंसं वाटत होतं की खरी गरज होती, हे तेवढ्या दिवसांत बरंचसं कळतं.

आणखी एक. समाधान स्वतःच्या ताटापुरतं असावं, दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे पाहून नव्हे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळाच्या उपासमारीत गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांतून उभं राहिलं. स्वतः साध्या पांढऱ्या साडीत राहणाऱ्या या बाईंनी त्या मुलींच्या उपासाला देवाची इच्छा म्हटलं नाही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पगार थकवून त्यांना समाधानाच्या गोष्टी सांगणाऱ्याने याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून वाचावा.

शेवटी वाटणीचं बोलतो, कारण आपल्या कितीतरी घरांत दुखणं तिथेच आहे. गुंठ्याचे भाव वाढले आणि सख्खे भाऊ एका बाकावर बसेनासे झाले. कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताचा दाखला येशूने कधी दिला, ते लूकच्या बाराव्या अध्यायात पाहा. गर्दीतल्या एकाने म्हटलं, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशूने न्यायनिवाडा करायचं नाकारलं, लोभापासून सावध राहायला सांगितलं आणि मग ती गोष्ट सांगितली. त्या श्रीमंताला त्याच रात्री मरण आलं. याचा अर्थ हक्क सोडा असा कुणी काढू नये. बहिणीचा वाटा तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेऊन दाबला असेल, तर तो आधी तिला द्या. तिला समाधान शिकवायचा अधिकार तुम्हाला नाही. पण वाटा पोचलेला असूनही दोन गुंठ्यांसाठी कोर्टाच्या तारखा चालू असतील, तर पुढच्या तारखेआधी वकिलाला बाजूला ठेवून भावाला स्वतः फोन करा. तुमच्याकडून किती सोडता येईल ते आधी घरात ठरवा, आणि फोनवर पहिल्यांदा तेच सांगा.